दाजी, गाडी कुणाची?

कमलनगरला आमच्या गच्चीवर उभं राहून मी पाहुण्यांना बोटानं दाखवतो, "ते बघा, महाराष्ट्र." पाहुणे डोळे बारीक करून बघतात. दिसतं ते तुरीचं रान. त्यातली अलीकडची तूर कर्नाटकाची, पलीकडची महाराष्ट्राची, आणि दोन्हीकडची शेवटी जाते उदगीरच्या आडतीला. माझंही तुरीसारखंच आहे. मतदान बिदर जिल्ह्यात, पण बाजार उदगीरचा, दवाखाना उदगीरचा आणि सासुरवाडीही उदगीरचीच. त्यामुळे २०१७ साली मोटारसायकल घ्यायची ठरली तेव्हा ती दुसरीकडून कुठून घेणार?

कर्नाटकात गाडीला कर जास्त, उदगीरला घेतली तर पैसे वाचतात, हे आमच्या गावातल्या प्रत्येक ओट्यावरचं अर्थशास्त्र आहे. अडचण एकच. तिकडं गाडी नावावर करायची तर पत्ता तिकडचा लागतो. त्यावर उपाय घरातच होता. माझा मेहुणा. उदगीरच्या आडत बाजारात त्याचं दुकान आहे. गाडी त्याच्या नावावर, पैसे माझे. हिशेब केला तर बरोबर अकराशे रुपये वाचले होते. वर दुकानदारानं हेल्मेट फुकट दिलं. त्या रात्री मी बायकोला म्हणालो, "व्यवहार कसा करावा, हे तुझ्या भावाला माझ्याकडून शिकायला सांग."

हे अकराशे रुपये लक्षात ठेवा. मी अजून विसरलेलो नाही.

दुसऱ्या राज्यातली गाडी बारा महिन्यांहून जास्त आपल्या राज्यात ठेवली तर नवा नंबर घ्यावा लागतो, असं मोटार वाहन कायद्याचं कलम ४७ सांगतं. मी ते सात वर्षं पाळलं, म्हणजे सात वर्षं रोज सांगत राहिलो की गाडी कालच सासुरवाडीहून आणलीय. नंबर एमएच-२४, तोही मी हौसेनं मराठी आकड्यांत रंगवून घेतलेला. एकदा बिदरला पोलिसानं अडवलं आणि नंबर इंग्रजी आकड्यांतच पाहिजे म्हणून दंड केला. नियम तसाच आहे, त्याची काही चूक नव्हती. घरी येऊन मी पुढची पाटी इंग्रजी केली आणि मागची तशीच ठेवली. पुढून कायदा, मागून अस्मिता.

हा गुण रक्तातलाच म्हणायचा. आजोबांच्या काळी आमच्याकडं निजामाचं राज्य. कमलनगर आणि उदगीर एकाच बिदर जिल्ह्यात, मध्ये रेघ नाही की पाटी नाही. सीमा होती ती पार सोलापूरच्या अंगाला. तिकडं इंग्रजांचा मुलूख, आणि तिकडून माल आणला की निजामाच्या करोडगिरी नाक्यावर जकात. आजोबांनी सोलापूरला नवी कोरी सायकल घेतली आणि नाक्याच्या अलीकडच्या ओढ्यात नेऊन तिला चिखल फासला. जुनी दिसावी म्हणून. जुनी दिसली. जकात वाचली. मात्र चिखल साखळीत आणि छऱ्यांत असा बसला की पुढची वाट सायकल आजोबांच्या खांद्यावरून आली. नंतर १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली, बिदर जिल्ह्याचे तुकडे पडले, उदगीर तिकडं गेलं, आम्ही इकडं राहिलो, आणि सीमा आजोबांच्या सोलापूरहून सरकत थेट माझ्या सासुरवाडीच्या रस्त्यावर आली.

तर मुद्दा परदेशाचा.

पन्नाशी आली की माणसाला एक तर गुडघे दुखतात नाही तर जग बघावंसं वाटतं. मला दोन्ही एकदमच झालं. मोबाइलवर मोटारसायकलवाल्यांचे व्हिडिओ बघून बघून मी एक दिवस चहाच्या हॉटेलात जाहीर केलं, "आपण लंडनला जाणार. गाडीवर." हॉटेलातल्या लोकांनी माझ्या शंभर सीसीच्या गाडीकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. एकानं विचारलं, "डबल सीट का?"

मग मी अभ्यासाला लागलो. पहिल्याच संध्याकाळी कळलं की पाकिस्तानातून वाट नाही. म्हणजे गाडी मुंबईच्या बंदरातून जहाजानं दुबईला नाही तर इराणला पाठवायची. तिच्यासाठी लाकडी खोकं करायचं, टाकीतलं पेट्रोल काढायचं, बॅटरीच्या वायरी सोडायच्या. भाडं वजनापेक्षा खोक्याच्या आकारमानावर बसतं, म्हणून जाणते लोक पुढचं चाक आणि हँडल काढून खोकं लहान करतात. इथपर्यंत मला पटत होतं. चाक काढून पैसे वाचतात म्हटल्यावर मी मनात मागचंही काढलं.

पण पुढं आलं कार्नेट. हा गाडीचा पासपोर्ट. मुंबईत १९१९ पासून असलेली वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन तो देते. प्रत्येक देशात शिरताना त्याच्या पानाचा एक तुकडा कस्टमवाला फाडून घेतो, बाहेर पडताना दुसरा. गाडी त्या देशातच राहिली, म्हणजे विकली किंवा हरवली, तर तिथली जकात संस्थेला भरावी लागते. म्हणून संस्था आधी गाडीच्या किमतीच्या हिशेबानं तुमच्याकडून हमी घेते. व्यवस्था चोख आहे, मला मान्य. पण ती गाडीच्या मालकाकडून. अर्ज उघडला तर पहिलाच रकाना मालकाचा. मी तो मिटला. (पुढं २०२५ मध्ये मुंबईचा एक मराठी तरुण खरोखरच गाडीवर इंग्लंडला पोचला आणि तिथं नॉटिंगहॅममध्ये त्याची गाडी चोरीला गेली. वाईट वाटलं. आणि खरं सांगायचं तर लंडन रद्द केल्याबद्दल स्वतःचं थोडं कौतुकही वाटलं.)

हॉटेलात तोंड कसं दाखवायचं हा प्रश्न नेपाळनं सोडवला. तोही परदेशच. भारतीय गाडीला तिथं कार्नेट लागत नाही. नाक्यावर 'भन्सार' भरायचा, म्हणजे दिवसाप्रमाणे जकात. २०२४ ची महाशिवरात्र ८ मार्चला होती. शिवरात्रीला पशुपतिनाथ, तेही मोटारसायकलवर! मित्रांनी लगेच उदगीरहून फ्लेक्स छापून आणला. त्यावर माझा फोटो, मागं हिमालय, आणि खाली 'नेपाळ मोहिमेस हार्दिक शुभेच्छा'. फ्लेक्स लागला की माणूस संपतो. आता जाणं भाग होतं.

मोहीम म्हटली तरी दीड हजार किलोमीटर गाडी हाकत जायची माझी कंबर नाही. मी ठरवलं, गाडी रेल्वेनं गोरखपूरपर्यंत, मीही रेल्वेनं गोरखपूरपर्यंत, आणि तिथून पुढं मोहीम. हे फ्लेक्सवाल्यांना सांगितलं नाही. आमच्या कमलनगर स्टेशनावर गाड्या थांबतात न थांबतात तोच सुटतात, तेवढ्यात माणसं चढली तरी खूप. म्हणून गाडी आधी हैदराबादच्या बाजूला एका मोठ्या स्टेशनापर्यंत चालवत न्यायची होती. निघायच्या आदल्या दिवशी मेहुण्याचा फोन.

"दाजी, काय करूलालाव?"

"गाडी पार्सल करायचीय. बारदान पाहिजे होतं."

"घेऊन जावा की. आपल्याकडं काय कमी हाय."

बारदान फुकट! मेहुण्याच्या दुकानातली रिकामी पोती मी गाडीला बांधूनच निघालो. स्टेशनावर पोतं आणि सुतळीचे पैसे हमालांना वेगळे द्यावे लागले नाहीत, निव्वळ शिलाई. एक म्हातारा हमाल दाभण घेऊन बसला आणि त्यानं गाडी अशी शिवली की बाळंतिणीलाही कुणी इतकं गुंडाळत नसेल. आधी टाकीतलं पेट्रोल नळीनं काढलं, ते आसपासच्या तिघांनी वाटून घेतलं. मग आरशांना पुठ्ठा, हँडलला पोतं, टाकीला दुहेरी पोतं, आणि सीटला तर त्यानं उशीच शिवली. कापडाच्या पट्टीवर नाव लिहिलं. बाहेर राहिली फक्त दोन चाकं.

"ओरिजिनल आरसी दिखाव," पार्सल बाबू म्हणाले.

ओरिजिनल आरसी मी हरवू नये म्हणून फार विचार करून सीटखाली ठेवली होती.

म्हातारा हमाल माझ्याकडं बराच वेळ बघत राहिला. मग त्यानं काही न बोलता उशी उसवली. आरसी काढली, दाखवली, पुन्हा शिवलं. दुसऱ्यांदा शिवण्याचे पैसे दुप्पट घेतले आणि मला ते योग्यच वाटले. गाडी निघून गेल्यावर रात्री बर्थवर पडल्या पडल्या लक्षात आलं की ती दाखवून झालेली आरसी मी सवयीनं पुन्हा सीटखालीच ठेवली होती.

गोरखपूरचा फलाट १३६६ मीटर लांब आहे. एके काळी तो जगात सर्वात लांब होता. २०२३ मध्ये आमच्या हुबळीनं १५०७ मीटरचा बांधून तो विक्रम मोडला. कर्नाटकाचा माणूस म्हणून मला त्याचा अभिमान होता, आणि गाडी ढकलत निघालो तेव्हा तो दर शंभर मीटरला कमी होत गेला. टाकीत थेंब नाही. पेट्रोल पंप बाहेर, आणि बाहेर म्हणजे किती बाहेर ते प्रत्येक जण वेगळं सांगत होता. पोती काढायला चाकू नव्हता म्हणून फक्त हँडलचं पोतं दातांनी सोडलं, बाकी सगळं तसंच. म्हणजे दिसायला मी धान्याचं एक मोठं पोतं चाकांवर ढकलत नेत होतो. पोत्यांच्या शिवणीत अडकलेली उदगीरची तूर खड्डा आला की चार-चार दाण्यांनी गळत होती. मागून एक कबुतर चालत आलं. मग तीन आली. पंपावर पोचलो तेव्हा माझ्यामागं मोहिमेतले एकूण सात सदस्य होते.

गोरखपूरहून सुनौलीचा नाका शंभरेक किलोमीटर. कमान ओलांडली की पलीकडं बेलहिया, नेपाळ. घड्याळ पंधरा मिनिटं पुढं, आपल्या शंभराचे त्यांचे एकशे साठ. त्या काळात तिकडं शंभराच्या वरची आपली नोट चालत नव्हती आणि मी सुरक्षित म्हणून सगळ्या पाचशेच्या आणल्या होत्या, तेव्हा अलीकडच्या बाजूला परत येऊन नोटा मोडण्यात एक तास आणि थोडं कमिशन गेलं. मग भन्सारच्या रांगेत.

खिडकीतल्या साहेबांनी माझे कागद पत्त्यांसारखे समोर मांडले. लायसन्स कर्नाटकाचं, केए-३८. मतदार ओळखपत्रावर कन्नड. आरसी महाराष्ट्राची, विमा उदगीरच्या पत्त्यावर. पुढची पाटी इंग्रजी, मागची मराठी. मागची पाटी बघून मात्र ते खूश झाले, कारण नेपाळात गाड्यांच्या पाट्या देवनागरीतच असायच्या. सात वर्षांत माझ्या त्या पाटीचं कौतुक करणारा हा पहिला सरकारी माणूस. मग त्यांनी आरसीवरचं नाव वाचलं, ओळखपत्रावरचं वाचलं, आणि विचारलं,

"गाडी किसकी है?"

"साले की," मी खरं ते सांगितलं.

साहेबांनी चष्मा काढला. "किसको साला बोला?"

मागं रांग शांत झाली. मी बायको, बायकोचा भाऊ, उदगीर, आडत, अकराशे रुपये हे सगळं हिंदीत समजावून सांगायचा प्रयत्न केला. माझी हिंदी दखनी वळणाची, त्यामुळे ते प्रकरण आणखीच गंभीर वाटलं असावं. शेवटी त्यांनी एवढंच सांगितलं की मालक दुसरा असेल तर मालकाचं पत्र लागतं. बरोबरच होतं. मी फोन लावला.

"बोला दाजी! पोचलाव का नेपाळला?"

"पोचलो. एक पत्र पाठव. गाडी न्यायला तुझी परवानगी आहे असं."

तिकडं जरा शांतता. आडतीवरचा लिलावाचा आवाज ऐकू येत होता. मग माझ्या मेहुण्यानं, सात वर्षं ज्याला मी व्यवहार शिकवत होतो त्यानं, अतिशय गोड आवाजात विचारलं, "दाजी, गाडी कुणाची?"

"आपलीच की रे."

"आपली म्हणजे?"

"तुझी."

"जरा मोठ्यानं बोला की ओ, इथं ऐकू येईना."

"तुझी! गाडी तुझी!" मी आंतरराष्ट्रीय सीमेवर उभं राहून ओरडलो. मागच्या रांगेला मराठी येत नसावं, पण हसायला भाषा लागली नाही.

दहा मिनिटांत व्हॉट्सॲपवर पत्र आलं, दुकानाच्या लेटरहेडवर, शुद्ध मराठीत. 'सदर मोटारसायकल माझ्या मालकीची असून ती माझे दाजी श्री पशुपतिनाथाच्या दर्शनासाठी नेपाळ देशात घेऊन जात आहेत. त्यास माझी परवानगी आहे.' खाली दोन शिक्के आणि सही. मी ते छापून आणलं आणि भाषांतर करायच्या तयारीत खिडकीशी उभा राहिलो. साहेबांनी पत्र हातात घेतलं आणि स्वतःच वाचायला लागले. लिपी तीच! मालकी, दर्शन, परवानगीपर्यंत गाडी सुरळीत गेली. 'दाजी'पाशी थांबली.

"दाजु?" त्यांनी माझ्याकडं बोट केलं.

"हो हो, दाजी. मीच."

"ए, दाजु!" साहेबांचा चेहरा एकदम सैल झाला. धाडकन शिक्का.

पुढं बुटवलला चहा पिताना पोरगा एका गिऱ्हाइकाला 'दाजु, दाजु' करत होता म्हणून मी अर्थ विचारला. दाजु म्हणजे थोरला भाऊ. म्हणजे मी नेपाळात शिरलो तो माझ्या मेहुण्याचा थोरला भाऊ होऊन. आता मेहुण्याचा थोरला भाऊ म्हणजे माझ्या बायकोचा कोण, याचा हिशेब करत करत मी चहा पूर्ण प्यालो. ही गोष्ट मी घरी अजून सांगितलेली नाही.

काठमांडूपर्यंतचा रस्ता सांगण्यासारखा आहे, पण मला तो फारसा दिसला नाही. बुटवल ते नारायणघाट रुंदीकरणाची धूळ, मुगलिंगच्या पुढं ट्रकांचा धूर, आणि नागढुंग्याच्या चढावर माझ्या शंभर सीसीला मागं टाकून एक मालवाहू टेंपो गेला, त्यातल्या बकऱ्यांनी मला वळून बघितलं. पशुपतिनाथाचे मुख्य पुजारी परंपरेनं कर्नाटकातले असतात हे ठाऊक असल्यानं मी 'आम्ही बिदरचे' एवढं एक वाक्य कन्नडमध्ये घोकून नेलं होतं. मराठी माणसाचं कन्नड नेपाळात तरी उपयोगी पडावं! पण शिवरात्रीच्या गर्दीनं मला एका दारातून आत नेलं आणि दुसऱ्यातून बाहेर काढलं. वाक्य अजून तसंच कोरं आहे.

परत नाक्यावर आलो तर एक दिवसाचा दंड. भन्सारच्या पावतीवर साल होतं २०८०. विक्रम संवत असतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं. पावती इंग्रजी सालानं वाचून मी धरून चाललो होतो की परवाना २०८० सालापर्यंत आहे, आणि एवढ्याशा पैशांत छप्पन्न वर्षं म्हणजे नेपाळ सरकारचा मोठेपणा. दंड भरला. गोरखपूरला पुन्हा पोतं, पुन्हा दाभण. या वेळी आरसी खिशात ठेवली. किल्ली पोत्यात शिवली गेली, पण ते फार मोठं नाही.

गावात आलो तर फ्लेक्स उतरवून कुणी तरी कडब्यावर झाकला होता. हॉटेलात पुरावा मागितला. भारतीयांना नेपाळच्या नाक्यावर पासपोर्ट लागत नाही, म्हणून त्यावर शिक्काही नाही. फोटो आहेत, पण सगळ्यांत डोक्यावर ते फुकटातलं हेल्मेट, काच खाली. ते कुणीही असू शकतं. सरकारी कागद म्हणावा असा एकच, भन्सारची पावती. तिच्यावर आरसीवरून उतरवलेलं नाव आहे. माझ्या मेहुण्याचं.

ती पावती आता उदगीरला त्याच्या दुकानात लक्ष्मीच्या फोटोशेजारी फ्रेममध्ये आहे. गिऱ्हाईक आलं की तो सांगतो, "आपली गाडी नेपाळला जाऊन आली." यात एक अक्षर खोटं नाही.

गाडी रीतसर माझ्या नावावर करायचं मी त्यानंतर मनावर घेतलं. एनओसीला फॉर्म २८, मालकी बदलायला २९ आणि ३०, कर्नाटकाचा नवा नंबर मागायला २७, आणि शिवाय इकडचा कर. सगळे फॉर्म भरून मी सहीसाठी त्याच्या दुकानात जाऊन बसलो. त्यानं चहा मागवला, फॉर्म चाळले, फ्रेमकडं बघितलं आणि म्हणाला, "परदेशी जाऊन आलेली गाडी कुणी विकतंय का, दाजी?"

गाडी सध्या उदगीरलाच असते. मला लागली तर आदल्या दिवशी फोन करावा लागतो.